रात्रीचे हेलिकॉप्टर : दिवे हेलिपॅडवर, धोका वाटेत

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या ठिकाणी, जिल्हा रुग्णालयाच्या आवारात, साखर कारखान्याजवळ ‘नाईट लँडिंग’ची सोय असलेले हेलिपॅड व्हावे, अशी मागणी वरचेवर वाचायला मिळते. मागणीमागची कळकळ खरी आहे. अपघातातला रुग्ण रात्रीतून पुण्या-मुंबईला पोहोचावा, पुरात अडकलेल्यांची लवकर सुटका व्हावी, असे कोणाला वाटणार नाही? पण या मागणीत एक गैरसमज दडलेला आहे आणि तो जीवघेणा आहे. भोवती दिवे लावले की रात्री हेलिकॉप्टर उतरवता येते, हे अर्धेच खरे. ते तिथपर्यंत येणार कसे, याचे उत्तर त्या दिव्यांत नाही. दोन उजळलेल्या हेलिपॅडच्या मध्ये शंभर किलोमीटरचा अंधार असतो, त्यात डोंगर असतात, विजेच्या तारा असतात, आणि ढग कुठे खाली आला आहे हे कोणी सांगू शकत नाही. माणसे जातात ती बहुधा या मधल्या टप्प्यात. पत्र लांबले आहे, पण थोडक्यात लिहिण्यासारखा हा विषय नाही.

हेलिकॉप्टरबद्दल सगळ्यात पक्का बसलेला समज असा की, त्याला हवेत थांबता येते. मग समोर धुके आले तर जागच्या जागी थांबावे आणि हळूहळू खाली उतरावे. थांबता येते हे खरे, पण ते डोळ्यांच्या जोरावर. समोरचे झाड, खालचा दगड, मैदानाची कड अशा एखाद्या खुणेवर वैमानिक नजर ठेवतो आणि हेलिकॉप्टर वीतभर सरकले की हातापायांनी लगेच सावरतो. गुळगुळीत ताटलीत गोटी मधोमध धरून ठेवण्यासारखे हे काम आहे. विमानाचे सुकाणू सोडले तरी ते बराच वेळ सरळ जात राहते. हेलिकॉप्टरमध्ये स्थिर ठेवणारी यंत्रणा नसेल, तर हात सोडल्यावर काही सेकंदांत ते एका अंगाला कलू लागते आणि तो कल आपोआप वाढत जातो. बाहेरची खूण दिसेनाशी झाली की थांबणे संपले.

मग यंत्रे बघून थांबता येणार नाही का? साध्या हेलिकॉप्टरमध्ये नाही. वेग दाखवणारा काटा समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावर चालतो. वेग अगदी कमी झाला की त्याचा भरवसा राहत नाही, आणि हेलिकॉप्टर मागे किंवा आडवे सरकत असेल तर तो काहीच सांगत नाही. म्हणूनच ढगात उडण्याची मान्यता असलेल्या हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेत एक किमान वेग छापलेला असतो. बहुधा ५० ते ६० नॉट, म्हणजे ताशी ९० ते ११० किलोमीटर. त्याखाली यंत्रांच्या आधाराने उडायचे नाही. घाबरलेला माणूस नेमके उलटे करतो. रस्त्यावर धुके आले की आपण गाडी हळू करतो, तसा तोही वेग कमी करतो, उंची कमी करतो, खालचा हमरस्ता धरून पुढे सरकत राहतो. आणि डोळे व यंत्रे दोन्ही निकामी ठरतील अशा वेगावर स्वतःहून येऊन पोहोचतो.

जरा हिशेब मांडून पाहू. १२० नॉट वेगाने हेलिकॉप्टर सेकंदाला ६२ मीटर जाते. दृश्यमानता ८०० मीटर असेल, तर समोरचा कडा दिसल्यापासून त्याच्यावर आदळेपर्यंत १३ सेकंद मिळतात. काहीतरी काळे दिसले, तो कडा आहे हे कळले, वळायचे ठरले, हात हलला, हेलिकॉप्टर वळू लागले, एवढ्यातच पाच-सहा सेकंद सरतात. सेकंदाला ३ अंश या नेहमीच्या वळणाने माघारी फिरायला एक मिनिट लागते आणि त्या वळणाची रुंदी होते सुमारे २,३५० मीटर. दिसते त्याच्या जवळपास तिप्पट जागा वळायलाच हवी. वेग निम्मा केला, ६० नॉटवर आणला, तरी जवळपास १,२०० मीटर लागतातच. आपल्या घाटातल्या कित्येक दऱ्या एवढ्या रुंद नाहीत.

आता कानाबद्दल, कारण खरा घात तिथे होतो. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांतला द्रव हलला की आपण वळतो आहोत हे मेंदूला कळते. वळण अगदी सावकाश सुरू झाले तर ते जाणवतच नाही. वळण एकसारखे चालू राहिले, तर १०-२० सेकंदांत नळीतला द्रव नळीच्या वेगाने फिरू लागतो आणि ‘आपण सरळ चाललो आहोत’ अशी जाणीव पक्की होते. अशा वेळी वैमानिकाने हेलिकॉप्टर खरोखर सरळ केले की त्याला वाटते, आपण उलट बाजूला वळलो. तो ते ‘सुधारतो’, म्हणजे पुन्हा पहिल्या वळणात शिरतो. तशीच फसगत वेग वाढताना होते. पुढे जोर बसला की नाक वर उचलले गेल्याचा भास होतो, आणि ते खाली दाबावे असे वाटते. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे या भासांना खोटे पाडतात. दिसत नसेल तर खोटे पाडणारे एकच साधन उरते, कृत्रिम क्षितिज दाखवणारे यंत्र. सगळे अंग एक सांगत असताना त्या तळहाताएवढ्या तबकडीवर विश्वास ठेवायचा, हे वाचायला सोपे आहे. १९५४ साली अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठात यंत्रांच्या आधाराने उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांना विमानात बाहेरचे काही दिसणार नाही असे बसवून चाचणी घेतली होती. विमान हाताबाहेर जायला सरासरी १७८ सेकंद लागले. ते विमान होते, स्वभावाने स्थिर. हेलिकॉप्टर एवढीही सवड देत नाही.

२६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात कॅलाबासस इथे बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांच्यासह नऊ जण ज्या अपघातात गेले, त्याचा चौकशी अहवाल या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. वेळ सकाळची होती. दोन इंजिनांचे हेलिकॉप्टर, ऑटोपायलट बसवलेला, वैमानिक यंत्रांच्या आधाराने उडण्यास पात्र. मात्र कंपनीला परवाना होता तो फक्त नजरेच्या भरवशावरच्या उड्डाणाचा. खालचा महामार्ग धरून जाताना ढग खाली आले. वैमानिकाने ढगातून वर निघायचे ठरवले आणि तो सुमारे २,४०० फुटांपर्यंत पोहोचला. ढगांचा माथा तिथून हाकेच्या अंतरावर होता. तिथे हेलिकॉप्टर डावीकडे कलले आणि खाली येऊ लागले. त्याच सुमारास वैमानिक नियंत्रकाला सांगत होता की, मी ४,००० फुटांवर चढतो आहे. हेलिकॉप्टर मिनिटाला ४,००० फुटांहून अधिक वेगाने डोंगराकडे जात होते आणि चालवणाऱ्याला मनापासून वाटत होते की आपण वर चाललो आहोत. इंजिनात काहीही बिघाड नव्हता.

हे भर दिवसा घडले. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचे हेलिकॉप्टर पडले तेही दुपारी. दरीतले हवामान अचानक बदलून हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि वैमानिकांची दिशाभूल झाली, असा हवाई दलाच्या चौकशीचा निष्कर्ष होता. १५ जून २०२५ ला केदारनाथहून परतताना गौरीकुंडजवळ पहाटे पडलेल्या हेलिकॉप्टरमध्ये सात जण गेले, त्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे आई-वडील आणि त्यांची दोन वर्षांचीही न झालेली मुलगी होती. खोऱ्यात तेव्हा ढग होते, दृश्यमानता कमी होती. २ ऑक्टोबर २०२४ ला पुण्याजवळ बावधन परिसरात सकाळच्या धुक्यात उडालेले हेलिकॉप्टर काही मिनिटांत कोसळले आणि तिघांचा मृत्यू झाला. उजेड असताना ही गत.

रात्र यात काय भर घालते? दिवसा ढग समोर दिसतो, त्याला वळसा घालता येतो. रात्री तो दिसत नाही. आधी लांबच्या गावाचे दिवे पिवळट, अंधुक होतात. मग ते एकेक करून नाहीसे होतात, आणि वाटते, पुढे वस्तीच नसेल. मग खिडकीबाहेर डावीकडे तांबडी आणि उजवीकडे हिरवी लाली पसरलेली दिसते. ती आपल्याच हेलिकॉप्टरच्या दिव्यांची. ती दिसली म्हणजे ढगात शिरून झाले. अशा वेळी उतरण्याचा प्रखर दिवा लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. लुकलुकणारा दिवा चालू राहिला तर ढगभर उडणाऱ्या त्याच्या प्रकाशाने डोके गरगरते. दोन्ही बंद करायचे असतात, पण नेमक्या त्या क्षणी हात बटणाकडे न्यायलाही भीती वाटते, कारण मान वळवली की कानातला द्रव पुन्हा हलतो आणि भास दुणावतो.

डोळ्यांचेही ऐका. अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना सुमारे अर्धा तास लागतो आणि मोबाइलचा किंवा कॅमेऱ्याचा एक झोत ते सगळे घालवतो. अंधुक उजेडात नजरेच्या बरोबर मध्यभागी आंधळा ठिपका तयार होतो. एखाद्या वस्तूकडे थेट पाहिले की ती नाहीशी होते, थोडे बाजूला पाहिले की दिसते. अंधारात एकच दिवा असेल आणि त्याकडे टक लावून पाहिले, तर दहाएक सेकंदांत तो हलू लागल्यासारखा वाटतो. ओसाड माळावर किंवा समुद्रात एकटे उजळलेले हेलिपॅड असेल, तर आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असा भास होऊन वैमानिक प्रमाणाबाहेर खाली येतो. काचेवर पाऊस असेल तर हा भास आणखी वाढतो. म्हणजे ‘दिवे लावले की झाले’ म्हणताना, अंधाऱ्या रानात एकटे चमकणारे दिवे हेच एक संकट असते, हे लक्षात घेतले जात नाही.

रात्री पाहण्याचा चष्मा हा यावरचा उपाय म्हणून सुचवला जातो. तो फार उपयोगाचा आहे आणि प्रशिक्षित हातात त्याने जीव वाचतात. पण त्यातून सुमारे ४० अंशांचेच दृश्य दिसते, म्हणजे नळीतून पाहिल्यासारखे. शिवाय त्यातून विरळ ढगाच्या आरपार दिसते. हाच त्याचा दगा. खालचे दिवे दिसत राहतात, वैमानिक पुढे जात राहतो, ढग दाट होत जातो, आणि अचानक काहीच दिसत नाही तेव्हा तो ढगात बराच खोल गेलेला असतो. काही प्रकारचे एलईडी धोकादर्शक दिवे या चष्म्यातून दिसत नाहीत. तारा तर दिसतच नाहीत.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सह्याद्रीचा हिशेब वेगळा करावा लागतो. हवेचे तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो) यांतला फरक पाहून ढगाच्या तळाचा ढोबळ अंदाज काढता येतो. दर एका अंशाला सुमारे ४०० फूट. पावसाळी संध्याकाळी जुहूला तापमान २७ आणि दवबिंदू २४ असेल, तर ढगांचा तळ साधारण १,२०० फुटांवर आला. जुहूवरून वर पाहणाऱ्याला ते ठीकच वाटेल. लोणावळा समुद्रसपाटीपासून ६२२ मीटर, म्हणजे २,००० फुटांहून अधिक उंच आहे. याचा अर्थ घाटाची वाट ढगात बुडालेली आहे, आणि हे जुहूच्या नोंदीत कुठेही लिहिलेले नसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उलट प्रकार. आकाश निरभ्र, वारा पडलेला, जमीन ओली. तापमान आणि दवबिंदू यांतला फरक दोन-तीन अंशांवर आला की नदीकाठच्या खोऱ्यात धुके धरू लागते, आणि तासाभरापूर्वी स्वच्छ असलेले मैदान दुलईखाली जाते. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळचा वळीव. गडगडाटी ढगाखालून निघालेला थंड वारा ढगाच्या कित्येक किलोमीटर पुढे धावतो आणि रात्री त्याची धूळ दिसत नाही. अनेक लहान हेलिकॉप्टरमध्ये हवामानाचे रडार नसते. वैमानिकाला ढग दिसतो तो वीज चमकते त्या क्षणी, आणि त्याच चमकेने त्याचे डोळे दिपतात.

मोठ्या विमानतळांवर हवामानाची नोंद दर अर्ध्या तासाला होते. पण ती त्या विमानतळाची. ताम्हिणीत, वरंध्यात, आंबोलीत या घडीला ढग किती खाली आहे हे सांगणारे यंत्रही नाही की माणूसही नाही. सभेच्या मैदानावरून फोनवर ‘इकडे एकदम क्लिअर आहे, या तुम्ही’ असे सांगणारा कार्यकर्ता खोटे बोलत नसतो. त्याच्या डोक्यावर चांदण्या असतातच. पण हेलिकॉप्टर त्याच्या डोक्यावर येण्याआधी डोंगर ओलांडणार आहे.

तारांबद्दल तीन वाक्ये पुरेत. शिवारातून जाणाऱ्या ११ हजार व्होल्टच्या तारांवर ना गोळे असतात, ना दिवे. दिवसाही वैमानिक तार शोधत नाही, खांब शोधतो. रात्री खांबही दिसत नाहीत.

दोन इंजिने आणि दोन वैमानिक असले म्हणजे चिंता नाही, असेही ऐकू येते. इंजिन बंद पडण्याच्या धोक्यावर दुसरे इंजिन हा उत्तम उपाय आहे. ढगावर नाही. १३ मार्च २०१४ ला इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यात गिलिंगहॅम इथे एका खासगी बंगल्याच्या आवारातून रात्री दाट धुक्यात नव्या बनावटीचे, दोन इंजिनांचे, दोन वैमानिकांचे हेलिकॉप्टर उडाले. वर चढले, पुढे झेपावताना नाक खाली जात राहिले आणि मिनिटाच्या आत ते जमिनीवर आदळले. चौघेही गेले. ४ जुलै २०१९ ला बहामा बेटांवरून त्याच जातीचे हेलिकॉप्टर मध्यरात्रीनंतर आजारी माणसांना घेऊन समुद्रावर उडाले. हवामान वाईट नव्हते, फक्त समोर काळे पाणी आणि काळे आकाश होते. सात जण बुडाले. आणि आपल्या दारात, ४ नोव्हेंबर २०१५ च्या संध्याकाळी, मुंबई हायजवळ रात्रीच्या उड्डाणाचा सराव करतानाच हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून दोन वैमानिक गेले. समुद्रात काम करणाऱ्यांना रात्री-अपरात्री बाहेर काढता यावे, यासाठी असलेला हा सराव. सराव करताना जे जीव घेते, ते सराव नसलेल्याकडून कोणी मागू नये.

नकाशा दाखवणाऱ्या आणि डोंगर आला की ओरडून सांगणाऱ्या यंत्रणेलाही मर्यादा आहेत. १४ मार्च २०१७ च्या रात्री आयर्लंडच्या तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर मेयो परगण्याच्या किनाऱ्याजवळ ब्लॅकरॉक बेटावर आदळले आणि चौघे बचावकर्मी गेले. हेलिकॉप्टर २०० फुटांवरून चालले होते, बेट त्याहून उंच होते, आणि यंत्राच्या नकाशात ते बेटच नव्हते. रेडिओ लहरींनी उंची मोजणारा रेडिओ अल्टिमीटर सरळ खाली पाहतो, समोरचा कडा त्याला दिसत नाही. हवेच्या दाबावरून उंची दाखवणारा साधा अल्टिमीटर त्या ठिकाणच्या दाबावर लावावा लागतो; १० हेक्टोपास्कलची चूक झाली की उंचीत जवळपास ३०० फुटांचा फरक पडतो.

चुकून ढगात शिरल्यावर काय करायचे, हे ठरलेले आहे. आधी कृत्रिम क्षितिज पाहून हेलिकॉप्टर सपाट करायचे. दिशा धरून ठेवायची. समोर डोंगर असल्याची खात्री असेल तरच वळायचे. शक्ती वाढवायची, वेग चढण्याच्या वेगावर आणायचा आणि वर जायचे, त्या टापूतल्या सर्वात उंच ठिकाणाहून किमान १,००० फूट वर, डोंगराळ भागात २,००० फूट वर. हेलिकॉप्टर स्थिर झाले की मगच नियंत्रकाला सांगायचे. खाली डोकावून जमीन शोधायची नाही. २७ सप्टेंबर २००८ च्या रात्री अमेरिकेत मेरीलँड पोलिसांचे रुग्णवाहू हेलिकॉप्टर याच शेवटच्या गोष्टीत गेले. रुग्णालयाकडे हवामान वाईट म्हणून विमानतळाकडे वळले, आणि ढगाखाली जमीन दिसेल या आशेने झपाट्याने खाली येताना झाडांत घुसले. पाचांपैकी चौघे गेले. वर्षातून एकदा कागदावर वाचलेल्या या पायऱ्या ऐन वेळी हाताला येत नाहीत. सिम्युलेटरमध्ये, डोळ्यांवर पडदा घेऊन, पुनःपुन्हा कराव्या लागतात. आणि वर गेल्यावर पुढे काय? ज्या विमानतळावर यंत्रांच्या मदतीने उतरता येते तिथे पोहोचण्याइतके इंधन हवे. नजरेच्या उड्डाणाला आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान २० मिनिटांचे इंधन राखीव धरतात. दरी चुकवत, वळसे घेत अर्धा तास घालवल्यावर त्यातले किती उरते?

मग रात्रीची सेवा नकोच का? हवी, पण क्रम उलटा हवा. दिवे सर्वात शेवटी. आधी ढगाची उंची आणि दृश्यमानता मोजणारी स्वयंचलित यंत्रे घाटमाथ्यावर बसवा. मग उपग्रहाच्या मार्गदर्शनावर आखलेले ठरावीक मार्ग, ज्यांवर डोंगर आणि मनोरे मोजून किमान उंची ठरलेली असेल. हे स्वप्नरंजन नाही. जून २०२३ मध्ये आपल्याच ‘गगन’ उपग्रह प्रणालीच्या आधाराने जुहू ते पुणे असे हेलिकॉप्टर उडवून दाखवण्यात आले; आशियातले ते पहिले प्रात्यक्षिक होते. ते प्रात्यक्षिक रोजच्या वापरात येणे, हे शंभर हेलिपॅडपेक्षा मोलाचे आहे. मग दोन वैमानिक, दोघेही यंत्रांच्या उड्डाणाच्या सरावात, ऑटोपायलट असलेले हेलिकॉप्टर. आणि मग हेलिपॅड : कडेने हिरवे दिवे, उजळलेला वाऱ्याचा मोजा, उतरण्याचा कोन दाखवणारा दिवा, येण्या-जाण्याच्या बाजूच्या तारा जमिनीखाली, आसपासच्या उंच बांधकामांवर तांबडे दिवे. जीपगाड्या गोल उभ्या करून त्यांचे हेडलाइट वर मारणे म्हणजे हेलिपॅड नव्हे. त्याने वैमानिक आंधळा होतो. शाळेच्या मैदानावर पाणी मारले नसेल तर शेवटच्या तीस फुटांत पंख्याच्या वाऱ्याने उठलेली धूळ उरलेसुरले दिसणेही घालवते.

हे सगळे होईपर्यंत घड्याळ पाळणे आपल्या हातात आहे. आपल्याकडे नजरेच्या भरवशावरचे उड्डाण मुळात सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळेसाठी असते, आणि आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे टिकतो. दरीत तर त्याआधीच अंधारते. नोव्हेंबरअखेर पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. अर्धा तास हाताशी ठेवायचा तर साडेपाचला चाके जमिनीला लागली पाहिजेत. प्रवास ४० मिनिटांचा असेल तर ४ वाजून ५० मिनिटांनी उड्डाण. इंजिन सुरू करून तपासण्या आटपायला १० मिनिटे, म्हणजे ४.४० ला सगळे आत बसलेले असले पाहिजेत. व्यासपीठापासून हेलिपॅडपर्यंत गर्दीतून १५ मिनिटे. तेव्हा भाषण ४.२५ ला संपले पाहिजे. सव्वापाचला भाषण रंगात आले असेल, तर त्या दिवशीचे हेलिकॉप्टर संपले, असे आयोजकांनी समजावे. आणि परतीची मोटार हेलिपॅडवर आधीपासून उभी असावी. मोटार समोर दिसत असली की वैमानिकाला ‘नाही’ म्हणणे सोपे जाते. मागे बसणाऱ्या कोणीही, मंत्री असो वा उद्योगपती, ‘बघा ना, जमतंय का’ एवढेही म्हणू नये. पगार देणाऱ्याच्या तोंडून ते वाक्य हुकमासारखे ऐकू येते.

रुग्णांच्या बाबतीत परदेशांतल्या हवाई रुग्णवाहिकांनी जिवांची किंमत मोजून शिकलेल्या तीन गोष्टी आपण आयत्या घ्याव्यात. हवामानाचा निर्णय होईपर्यंत वैमानिकाला रुग्णाबद्दल काहीही सांगायचे नाही. सहा वर्षांचे मूल आहे हे कळले की ८०० मीटर दृश्यमानता त्याला पुरेशी वाटू लागते. दुसरे, वैमानिक, परिचारिका आणि डॉक्टर यांपैकी एकाने ‘नको’ म्हटले की उड्डाण रद्द, कारण विचारायचे नाही. तिसरे, एकाने हवामानामुळे नकार दिला असेल तर दुसऱ्या कंपनीला फोन करताना तो नकार आधी सांगायचा. नाहीतर चौथ्या फोनवर होकार देणारा कोणीतरी भेटतो, आणि रुग्णासोबत आणखी तीन माणसे संकटात पडतात. अशा रात्री १०८ ची रुग्णवाहिका दोन तास जास्त घेईल, पण ती पोहोचेल.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक विनंती. हेलिकॉप्टरची सगळ्यात मोठी देणगी म्हणजे पुढे हवामान बिघडलेले दिसले तर उजेड आहे तोवर ते मोकळ्या शेतात उतरवता येते. दिवसा वैमानिक असे उतरतात तेव्हा ‘हेलिकॉप्टर भरकटले’, ‘मोठा अनर्थ टळला’, ‘थोडक्यात बचावले’ अशा बातम्या येतात, मालक खुलासा मागतो, आणि पुढच्या वेळी तो वैमानिक आणखी पाच मिनिटे पुढे जाऊन पाहतो. कृपया तिथे एवढेच छापावे की, पुढे ढग होते म्हणून वैमानिकाने हेलिकॉप्टर उतरवले. गावकऱ्यांनी पंखा पूर्ण थांबेपर्यंत निदान ५० मीटर लांब राहावे, शेपटीकडे मुळीच जाऊ नये. आणि ज्याच्या उभ्या पिकात ते उतरले, त्या शेतकऱ्याला त्याच आठवड्यात भरपाई मिळावी, म्हणजे खाली ज्वारी दिसली तरी उतरताना कोणाचा हात अडणार नाही.

आपले,
हेलिकॉप्टर उड्डाण, देखभाल आणि हवामान सेवेत काम केलेले काही वाचक,
पुणे